शेहेचाळीस हातांचा हंगाम

न्यूयॉर्क मेट्सने जानेवारीत मिलवॉकी ब्रुअर्सकडून फ्रेडी पेराल्टाला मिळवले, त्या सौद्याचे स्वागत करताना बहुतेकांचे लक्ष त्याच्या 2025 मधील 17 विजयांकडे आणि 2.70 या सरासरीकडे, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून त्याने दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या प्रमाणाकडे गेले. या सौद्याचे खरे मोल मात्र त्याहून रुक्ष अशा तीन आकड्यांत आहे. सामन्याच्या आरंभापासून चेंडू टाकण्याची जबाबदारी ज्याच्याकडे असते त्या पिचरला ‘स्टार्टर’ म्हणतात, आणि पेराल्टाने 2023 मध्ये 30, 2024 मध्ये 32 व 2025 मध्ये 33 सामन्यांत ही जबाबदारी पार पाडली. तीन वर्षे सलग पाळी न चुकवणारा पिचर ही आजच्या बेसबॉलमध्ये इतकी दुर्मीळ चीज झाली आहे की तिच्यासाठी मेट्सने जेट विल्यम्स आणि ब्रँडन स्प्रोट हे आपले दोन होतकरू खेळाडू सोडून दिले. ज्या संघाने मागच्या हंगामात तब्बल 46 जणांच्या हाती चेंडू दिला, आणि मेजर लीगच्या इतिहासात एका हंगामात इतके पिचर वापरणारा पहिला संघ असा नकोसा विक्रम केला, त्याला ही किंमत जड वाटली नसावी.

त्या 46 आकड्याचा उलगडा साध्या अंकगणितातून सुरू होतो. हंगामात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो आणि प्रत्येक सामन्यात सहसा नऊ इनिंग असतात, म्हणजे सुमारे 1,458 इनिंग कोणीतरी चेंडू टाकायला हवा. पाच स्टार्टर आळीपाळीने खेळतात, परंतु हल्लीचा स्टार्टर सरासरी पाच-सव्वापाच इनिंगनंतर थांबतो. त्यामुळे पाचही जणांनी एकही पाळी न चुकवता हंगाम काढला तरी त्यांच्या वाट्याला साडेआठशेच्या आसपास इनिंग येतात आणि उरलेल्या सहाशे ‘बुलपेन’ला, म्हणजे सामन्याच्या मध्यात किंवा शेवटी बोलावल्या जाणाऱ्या पिचरांच्या ताफ्याला, ओढाव्या लागतात. दोनशे इनिंग टाकणे ही एकेकाळी चांगल्या स्टार्टरची नेहमीची मजल होती. 2025 मध्ये साऱ्या मेजर लीगमध्ये मिळून लोगन वेब, गॅरेट क्रोशे आणि क्रिस्टोफर सांचेझ हे तिघेच तिथवर पोहोचले. अमेरिकी बेसबॉलमध्ये ज्याला ‘डेप्थ’ म्हणतात आणि मराठी क्रिकेटरसिक ज्याला दुसरी फळी म्हणेल, ती अशा परिस्थितीत अडीअडचणीची सोय राहत नाही, तर निम्मा संघच बनते.

मेट्सच्या व्यवस्थापनाला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. 2024-25 च्या हिवाळ्यात, ज्या काळात करारमुक्त खेळाडूंची खरेदी आणि संघांमधली अदलाबदल चालते, त्यांनी हुआन सोटो या फलंदाजाशी 15 वर्षांचा 76.5 कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच वेळी पिचर मात्र संख्येने जमवले: शॉन मनाया, फ्रँकी माँटास, ग्रिफिन कॅनिंग आणि तोवर मुख्यतः बुलपेनमध्ये वावरलेला, पण आता स्टार्टर करायचा ठरवलेला क्ले होम्स. कागदावर यादी लांबलचक दिसत होती. हंगाम सुरू होण्यापूर्वीच मनाया आणि माँटास जायबंदी झाले, तरीही 12 जून रोजी संघाचे 45 विजय व 24 पराभव होते आणि साऱ्या मेजर लीगमध्ये ती कामगिरी सर्वोत्तम होती. त्याच दिवशी कोदाई सेंगा हा त्यांचा सर्वात भरवशाचा स्टार्टर पहिल्या बेसवर धावला, सहकाऱ्याचा उंच आलेला चेंडू पकडण्यासाठी त्याने उडी मारली आणि त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. मग टायलर मेगिलचे कोपर, कॅनिंगची टाच अशी रांगच लागली. उरलेल्या सामन्यांत मेट्सने 38 जिंकले, 55 गमावले, आणि शेवटच्या दिवशी मायामीत 4-0 असा पराभव पत्करून ते बाद फेरीबाहेर राहिले. सिनसिनाटी रेड्सचेही 83 विजयच होते. बरोबरीचा निकाल रेड्सच्या बाजूने लागला.

एका संघात 46 पिचर मावतात कसे, याचे उत्तर नियमांत आहे. सामन्यासाठी पात्र अशी यादी 26 जणांची असते आणि तीत जास्तीत जास्त 13 पिचर ठेवता येतात. तिच्याभोवती 40 जणांची मोठी यादी असते, जिच्यातले उरलेले खेळाडू कनिष्ठ संघांत खेळत राहतात. ज्या खेळाडूच्या खात्यात ‘ऑप्शन’ शिल्लक आहेत त्याला संघ त्याची संमती न घेता खाली पाठवू शकतो. असे ऑप्शन साधारणपणे तीन हंगामांपुरते असतात, आणि 2022 पासून एका हंगामात पाचपेक्षा अधिक वेळा अशी पाठवणी करता येत नाही. ज्याचे ऑप्शन संपले आहेत त्याला यादीतून काढायचे तर तो इतर संघांपुढे ठेवावा लागतो आणि कोणीही त्याला उचलू शकतो. परिणामी ताज्या हाताच्या शोधात असलेला संघ एखाद्याला कनिष्ठ संघातून, मेट्सच्या बाबतीत सिराक्यूजहून, रातोरात बोलावतो, त्याच्याकडून दोन इनिंग काढून घेतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची बॅग भरायला लावतो. मेट्सने गेल्या उन्हाळ्यात हे चक्र अक्षरशः गरगर फिरवले. त्याला कोणी चतुर व्यवस्थापन म्हणेल, पण घरात धान्य नसल्यामुळे रोज वाण्याकडून पावशेर आणण्याचाच तो प्रकार होता.

मात्र हात इतके मोडतात तरी का, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या कौशल्यापलीकडचा आहे, आणि त्यासाठी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे असलेल्या अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूटमधील ग्लेन फ्लायसिग या जैवयांत्रिकी तज्ज्ञाच्या कामाकडे वळावे लागते. जैवयांत्रिकी म्हणजे शरीराच्या हालचालींना यंत्रशास्त्राचे नियम लावून पाहणारी विद्याशाखा. फ्लायसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 26 निरोगी, कसलेल्या पिचरांची फेक वेगवान कॅमेऱ्यांनी टिपली आणि हात मागे पूर्ण वळण्याच्या किंचित आधीच्या क्षणी कोपरावर किती पीळ पडतो हे मोजले. उत्तर सुमारे 64 न्यूटन-मीटर आले. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला साडेसहा किलोचे वजन टांगले तर दुसऱ्या टोकाशी जेवढा पीळ बसेल तेवढा. दुसरीकडे, मृतदेहांच्या कोपरातील आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर, म्हणजे दोन हाडे बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्टीवर, केलेल्या चाचण्यांत ती पट्टी जवळजवळ निम्म्याच पिळाला तुटते असे दिसून आले होते. याचा अर्थ जोरदार फेकीच्या वेळी तो अस्थिबंध आपल्या मर्यादेच्या काठावर उभा असतो आणि उरलेला भार भोवतालचे स्नायू उचलतात म्हणूनच तो शाबूत राहतो. स्नायू व्यायामाने वाढवता येतात, अस्थिबंध त्या प्रमाणात वाढत नाही, आणि स्नायू थकले की हिशेब बिघडतो. पिचिंगविषयीच्या साऱ्या वादांत इतके साधे आणि इतके अस्वस्थ करणारे विधान दुसरे नसेल.

क्रिकेटच्या वाचकाला येथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. वेगवान गोलंदाजाला कोपर 15 अंशांपेक्षा अधिक सरळ करता येत नाही, त्यामुळे त्याचा ताण प्रामुख्याने पाठीवर आणि पायांवर येतो. जसप्रीत बुमराह 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळला, त्यामागे त्याची पाठ होती. पिचर उंचवट्यावर जवळपास जागीच उभा राहून वाकलेल्या कोपराने चेंडू भिरकावतो आणि सारा हिशेब तिथेच चुकता होतो. तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये प्रथम टॉमी जॉन या पिचरवर केली, तिला त्याचेच नाव पडले, आणि पुढे 164 सामने जिंकून त्याने ती यशस्वी ठरवली. आज ती इतकी नित्याची झाली आहे की तिच्यामुळे वाया जाणारे वर्ष-सव्वा वर्ष संघ आधीच हिशेबात धरतात. माँटास आणि मेगिल हे मेट्सचे 2025 मधले दोन पिचर त्याच वाटेने गेले.

मेजर लीगने स्वतःच डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या दुखण्याचे निदान लपवलेले नाही. 2005 मध्ये पिचर जायबंदी यादीत जाण्याचे 212 प्रसंग घडले होते, 2024 मध्ये ते 485 झाले. सरासरी फास्टबॉलचा, म्हणजे सरळ आणि सर्वात वेगवान चेंडूचा, वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, तो 94.2 वर गेला. वेगाचा आणि चेंडू वळवण्याचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय ही कारणे अहवालाने दिली, आणि जोडीला एक निरीक्षण नोंदवले, ज्याकडे हिवाळी बाजाराच्या गडबडीत फारसे कोणी पाहत नाही: दुखापतींचा मोठा लोंढा वसंतातील सराव शिबिरांतच येतो, कारण पूर्वी हिवाळा हाताला विश्रांती देण्यासाठी असे, तर आता पिचर खासगी प्रयोगशाळांत वेग वाढवण्यात तो घालवतात. संघ ज्या महिन्यांत हात विकत घेतात त्याच महिन्यांत ते हात झिजत असतात, हा विरोधाभास या धंद्याच्या मुळाशी आहे, आणि ताज्या कराराने बळावलेला आशावाद त्यापुढे काहीसा पोरकट वाटतो.

लॉस एंजेलिस डॉजर्सने मात्र हा विरोधाभास पैशाच्या जोरावर पचवला आहे. त्यांनी ब्लेक स्नेलशी 18.2 कोटी डॉलरचा करार केला, आणि 2025 च्या हंगामात तो फक्त 11 सामन्यांत स्टार्टर होता. टायलर ग्लासनाऊ 18 सामन्यांत. मेट्ससाठी हे आकडे घातक ठरले असते. डॉजर्सकडे योशिनोबु यामामोतो होता, कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरून जूनमध्ये पुन्हा पिचिंगला लागलेला शोहेई ओहतानी होता, आणि ऑक्टोबरपर्यंत सारेच धडधाकट झाले. वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा तिसरा सामना 18 इनिंग चालला, त्यात अखेरच्या चार इनिंग विल क्लाइन या फारशा कोणाला माहीत नसलेल्या पिचरने 72 चेंडूंत एकही धाव न देता काढल्या. त्याला जूनमध्ये सिअॅटलकडून एका किरकोळ अदलाबदलीत आणले होते. ज्या दिवशी तो सौदा झाला त्या दिवशी कोणीही मथळा दिला नव्हता. यामामोतोने सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी सातव्या सामन्याच्या शेवटच्या पावणेतीनच्या आसपास इनिंग टाकल्या, हे शौर्य खरेच. पण तिथवर मालिका पोहोचली ती क्लाइनसारख्यांच्या खांद्यावरून.

मेट्सही काही गरीब नाहीत. वेतनाची रक्कम ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की संघाला कर भरावा लागतो, 2026 साठी ती मर्यादा 24.4 कोटी डॉलर आहे, आणि दोन्ही संघ ती केव्हाच ओलांडून गेले आहेत. तरी या हिवाळ्यात एडविन डियाझ हा सामन्याचा शेवट साधणारा पिचर मेट्सला सोडून तीन वर्षांच्या 6.9 कोटींवर डॉजर्सकडे गेला आणि मेट्सने त्याच्या जागी डेव्हिन विल्यम्सला आणले. मिलवॉकी मात्र खरोखर तोकड्या पैशांत खेळते: 2024 मध्ये कॉर्बिन बर्न्स हा पिचर विकला, त्याच वर्षाअखेर हाच डेव्हिन विल्यम्सही विकला, आणि 2025 मध्ये 97 सामने जिंकून सर्वांच्या पुढे राहिले. बॉस्टनकडून एप्रिलमध्ये आणलेल्या क्विन प्रीस्टरने त्यांतले 13 जिंकले. आता पेराल्टाही विकला गेला आणि बदल्यात पुन्हा दोन तरुण आले. या सौद्यात एक गमतीचा धागा आहे: मेट्सचे प्रमुख डेव्हिड स्टर्न्स पूर्वी मिलवॉकीत होते, त्यांनीच डिसेंबर 2015 मध्ये 19 वर्षांच्या पेराल्टाला सिअॅटलकडून घेतले आणि त्यांच्याच काळात, 2020 मध्ये, झालेल्या करारामुळे तो 2026 साली केवळ 80 लाख डॉलरवर खेळणार आहे. आपणच लावलेल्या झाडाचे फळ दुसऱ्याकडून विकत घेण्याची वेळ त्यांच्यावर आली.

सौदा चांगला आहे, पण त्याने मेट्सची दुसरी फळी जाड झाली असे मानणे चूक ठरेल. पेराल्टासोबत टोबायस मायर्स हा पिचरही आला हे खरे. स्प्रोट गेला हेही तितकेच खरे, आणि मागच्या हंगामाच्या शेवटी ज्या तीन नवख्यांनी संघाची लाज राखण्याचा प्रयत्न केला त्यांच्यापैकी तो एक होता. उरलेल्या दोघांत नोलन मॅक्लीनने आठ सामन्यांत 2.06 अशी सरासरी राखली, आणि जोना टाँगला अजून शिकायचे आहे. सेंगा, मनाया, डेव्हिड पीटरसन, होम्स, शस्त्रक्रियेतून परतणारा क्रिस्टियन स्कॉट अशी नावे मोजली तर स्टार्टर आठ-नऊ भरतात. गेल्या फेब्रुवारीतही यादी अशीच लांब होती. नावे मोजण्याऐवजी मागील तीन वर्षांत प्रत्येकाने किती इनिंग टाकल्या हे मोजले, तर ही यादी झपाट्याने आखडते. शिवाय पेराल्टाचा करार याच हंगामाबरोबर संपतो.

पोर्ट सेंट लुसी येथील मेट्सच्या सराव शिबिरातून येत्या काही आठवड्यांत पहिल्या सामन्याचा मान कोणाला मिळणार याच्या बातम्या येत राहतील. रसिकांनी त्या खुशाल वाचाव्यात. मात्र एप्रिलमध्ये सिराक्यूजच्या संघात कोणते पाच पिचर पाळीने खेळत आहेत आणि त्यांपैकी किती जणांचे ऑप्शन शिल्लक आहेत, तेवढे एका कागदावर लिहून ठेवावे आणि जूनमध्ये तो कागद पुन्हा काढावा.