दही खावे, पण औषध समजून नव्हे

उन्हाळा लागला की नांदेड-लातूरकडच्या घरांत ज्वारीच्या भाकरीबरोबर ताक आलेच, आणि रमजानमध्ये दस्तरख्वानावर दहीबडे. आता मेडिकल दुकानांत ‘प्रोबायोटिक’ पुड्या आणि कॅप्सूलही मिळतात. ‘मुलाची प्रतिकारशक्ती वाढेल’ म्हणून आया त्या विकत घेतात. यात तथ्य किती?

कोमट दुधात चमचाभर विरजण घातले की त्यातले जीवाणू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात आणि दही लागते. आपल्या आतड्यातही असे असंख्य उपकारक जीवाणू राहतात. ते घातक जंतूंना जागा आणि अन्न मिळू देत नाहीत. शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा भाग आतड्याभोवतीच असतो. कोणावर तुटून पडायचे आणि कोणाला सोडायचे, हे त्या पेशी या जीवाणूंच्या सहवासात शिकतात.

याचा मोठा पुरावा आपल्याच देशात मिळाला. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या पथकाने ओडिशाच्या खेड्यांतील ४,५५६ नवजात बाळांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही बाळांना सात दिवस ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ हा जीवाणू, त्याला पोसणाऱ्या साखरेसह दिला गेला. ही औषधी मात्रा न मिळालेल्या बाळांत सेप्सिस किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते. मिळालेल्यांत ते ५.४ टक्क्यांवर आले.

पण हा गुण त्या विशिष्ट जीवाणूचा आहे. दुकानातल्या प्रत्येक पुडीचा किंवा घरच्या दह्याचा तो आहे असे समजू नये. शिवाय ती बाळे आईच्या दुधावर होती. आईच्या दुधात अशा काही साखरा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या उपकारक जीवाणूंचे अन्न आहेत. अल्लाहची ही कुदरत पाहा! सूरह अल-बकरामध्ये दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे. म्हणून पहिला पिवळसर चीक फेकू नये. सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. गुटी, पाणी नको.

मोठ्यांसाठी ताजे दही-ताक उत्तम. कढी उकळली की त्यातले जीवाणू मरतात. चव आणि पोषण मात्र उरते. भाकरी, डाळी आणि भाज्यांतला चोथा आतड्यातल्या जीवाणूंना पोसतो. पाणीटंचाईच्या दिवसांत ताकात घालायचे पाणी उकळून गार केलेले असावे. दूषित पाण्याचा दोष दही घालवू शकत नाही.

अँटिबायोटिक गोळ्या मनाने सुरू करू नयेत. त्या उपकारक जीवाणूंनाही मारतात. जुलाब झाल्यास आधी ओआरएस द्यावे. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा कॅन्सरचे उपचार घेणारा रुग्ण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ते नको असेल तर डॉक्टरांना तसे सांगावे. पुडीच्या रूपातही हे औषध मिळते.