जंगलानं शिकवलेला पक्षिशास्त्रज्ञ

मार्च-एप्रिलच्या सुमारास नागपुरातल्या जुन्या, मोठ्या झाडांखाली जरा थांबा आणि मान वर करा. सेमिनरी हिल्सचा परिसर चालेल, महाराजबाग चालेल. राखाडी रंगाचा, लांब शेपटीचा, चोचीवर लहानसं शिंग असलेला धनेश एखाद्या ढोलीपाशी येईल. खोडाला बिलगून बसेल आणि गळ्यात साठवलेली वडा-पिंपळाची फळं एकेक करून वर काढत एका अरुंद फटीत सरकवेल. आतून एक चोच पुढे येऊन ती टिपून घेईल. आत कोण आहे? त्याची मादी. तिला कोंडलं कुणी? तिनं स्वतःच!

ढोलीत शिरल्यावर तिनं ढोलीचं तोंड लिंपून घेतलंय, तेही मुख्यतः स्वतःच्या विष्ठेनं. वाळल्यावर ते लिंपण कडक होतं. मोकळी राहते ती फक्त चोचीपुरती उभी फट. एवढ्यावर ती थांबत नाही. आत बसल्या बसल्या ती पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं गाळून टाकते. म्हणजे आता मनात आलं तरी उडता येणार नाही! तिचं स्वतःचं आणि पुढे पिल्लांचंही पोट बाहेरच्या त्या एकट्या नरावर. तो एक दिवस परतलाच नाही, तर आत उपासमार.

मला याहून मोठं आश्चर्य वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. भिंतीआड चाललेला हा संसार माणसाला कळला कसा? कुणीतरी त्या झाडाखाली बसून राहिलं म्हणून. तासन्‌तास, दिवसेंदिवस, ऋतूमागून ऋतू. आपल्याकडच्या पक्ष्यांविषयी जे काही ठाऊक आहे, त्यातलं कितीतरी अशा बसून राहणाऱ्यांनी दिलेलं आहे. मराठीला असा एक माणूस लाभला: मारुती चितमपल्ली.

जन्म ५ नोव्हेंबर १९३२, सोलापूर. घरची भाषा तेलुगू, गल्लीत अनेक भाषांची सरमिसळ. झाडापाखरांची ओढ आई आणि मामांकडून आली. पुढे कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिक्षण झालं आणि वनखात्यात नोकरी लागली. पक्षिशास्त्राची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. मग होतं काय? बदल्या! सरकारी नोकर ज्या बदल्यांना कंटाळतो, त्याच यांच्या कामी आल्या. मावळ, कोयना, पनवेलजवळचं कर्नाळा, नांदेड, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. सह्याद्रीच्या पावसाळी रानापासून विदर्भातल्या पानझडी जंगलापर्यंत महाराष्ट्र त्यांनी पायाखाली घातला. तोच धनेश, तीच सुगरण, तोच करकोचा वेगवेगळ्या रानांत काय करतो हे पाहायची संधी किती अभ्यासकांना मिळते?

या साऱ्यात नवेगावबांधचं स्थान वेगळं. गोंदिया जिल्ह्यातला हा तलाव निसर्गानं नाही, माणसानं घडवला आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांच्या मधल्या जागा बांधानं जोडल्या आणि सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी अडवलं. शेतीसाठी केलेल्या या खटाटोपानं पाखरांसाठी केवढी सोय केली बघा! हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर हिमालयापलीकडून बदकं, हंस येतात. त्यातला पट्टकादंब हिमालय ओलांडताना ७,००० मीटरच्या आसपास उडताना नोंदला गेला आहे. तिथल्या हवेत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू आपल्या निम्म्याहून कमी. तरी हा पठ्ठ्या तिथे नुसता श्वास घेत नाही, पंख मारतो. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच असं घडलेलं आहे की विरळ हवेतलाही प्राणवायू ते घट्ट पकडतं.

पण चितमपल्लींची खरी शाळा तलावाच्या काठावर भरली आणि शिक्षक होते धीवर, गोंड आणि गावातले जुने शिकारी. एकेकाळचे शिकारी आणि पुढे या जंगलाचे राखणदार झालेले माधवराव पाटील डोंगरवार त्यांपैकीच. एखादा संशोधक हंगामापुरता येतो. धीवर बाराही महिने पाण्यावर असतो. कोणतं पाखरू कधी आलं, कुठे अंडी घातली, काय खाल्लं, हे त्याला डोळे मिटून सांगता येतं, कारण त्याची मासळी आणि पाखराची मासळी एकच. वनाधिकाऱ्याची टोपी बाजूला ठेवून या माणसांपुढे वहीपेन्सिल घेऊन बसणं ही माझ्या मते चितमपल्लींची सर्वांत मोठी गोष्ट.

विदर्भातल्या धानाच्या बांध्यांत सर्रास दिसणारा एक पक्षी घ्या. मळकट पांढरा, काळ्या पंखांचा करकोचा. चोच मिटली तरी मध्ये फट उरतेच. लोक त्याला घोंगल्याफोड म्हणतात, कारण तो घोंगल्या, म्हणजे गोगलगायी खातो. ती फट कशासाठी? पहिल्या नजरेत वाटतं, सुपारीला अडकित्ता तशी शंखाला ही चोच. बऱ्याच जाणकारांनाही तसंच वाटलं होतं. बारकाईनं पाहिल्यावर मात्र भलतंच दिसलं. करकोचा पाण्यात चोच खुपसतो, वरच्या चोचीनं शंख चिखलात दाबून धरतो आणि खालच्या चोचीचं निमुळतं टोक शंखाच्या झाकणाखाली घालून आतला स्नायू कापतो. मग मऊ मांस अलगद बाहेर. शंख बहुतेकदा अख्खाच! हे सारं गढूळ पाण्याखाली, न बघता, काही क्षणांत. शिवाय ही फट जन्मजात नसते. पिल्लाची चोच सरळ असते, वयाबरोबर ती वाकते आणि फट पडते.

हाच करकोचा, बगळे, पाणकावळे, आयबिस पावसाळ्यात एकाच झाडावर शेकड्यांनी घरटी करतात. अशा वसाहतीला चितमपल्लींनी मराठीत ‘सारंगागार’ म्हटलं. पण पावसाळाच का? थंड देशांतली बहुतेक पाखरं वसंतात, दिवस लांबू लागला की घरटी बांधतात. आपल्याकडे दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही, बदलतो तो पाऊस. मृग बरसला की बांध्या भरतात, बेडूक, मासोळ्या, गोगलगायी यांचा सुकाळ होतो आणि पिल्लांच्या उघड्या चोची नेमक्या तेव्हाच झाडावर तयार असतात. आणि उपकाराची फेडही लगेच होते. पाण्यावर वाकलेल्या झाडावरून विष्ठा खाली पडते, तिच्यावर शेवाळ आणि सूक्ष्म जीव पोसतात, त्यांच्यावर मासे. पाखरं तलावातून नेतात आणि तलावाला परतही देतात.

लोकांचं ज्ञान टिपताना समजुतीही आल्याच. कावळ्यानं घरटं कोणत्या झाडावर, कोणत्या बाजूला बांधलं त्यावरून पाऊस सांगायची रीत चितमपल्लींनी मराठी वाचकांपर्यंत पोचवली. तिच्या भरवशावर पेरणी करावी असं मी म्हणणार नाही. त्यासाठी हवामानशास्त्र आहे. पण कावळ्याचं घरटं दरवर्षी कुणीतरी इतकं निरखून पाहत होतं, हेच केवढं आहे!

आता सारस. उभा राहिला तर माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. त्याची हाक दोन-तीन किलोमीटरवरून ऐकू येते. एवढा आवाज निघतो कुठून? त्याची श्वासनलिका गळ्यातून सरळ फुप्फुसात जात नाही. ती वाटेत छातीच्या हाडात शिरते, तिथे वेटोळं घेते आणि मग परत फिरते. नळी लांब, म्हणून आवाज घनगंभीर, आणि हाडही त्यासोबत दणाणतं. जोडी माना उंचावून एकत्र गाते तेव्हा नराच्या एका हाकेला मादी दोन-तीन हाका देते. जाणकार दुरून, न पाहताही नर-मादी ओळखतात.

महाराष्ट्रात हा पक्षी आता जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यात आणि त्याच्या आसपास उरला आहे. अलीकडच्या गणनांत जेमतेम काही डझन. धानाच्या बांधीत घरटं करतो, म्हणजे तो जगला तर शेतकऱ्याच्या मर्जीनं. त्याच्या घटत्या संख्येची उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. नवेगावच्या तलावाचा सारस चितमपल्लींच्या नोंदींत आहे. पुढच्या पिढीला तो फक्त त्या नोंदींतच भेटावा, ही कल्पना मला सहन होत नाही.

१९९० साली चितमपल्ली निवृत्त झाले आणि मग पुष्कळ वर्षं नागपुरात राहिले. नोकरीत असतानाच पंडितांपुढे बसून जुन्या पद्धतीनं संस्कृत शिकले होते. कशासाठी? कारण आपल्या जुन्या ग्रंथांत पाखरांविषयी काय लिहिलंय ते त्यांना मुळातून वाचायचं होतं. तेराव्या शतकातल्या हंसदेव या जैन पंडिताचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा पशुपक्ष्यांवरचा ग्रंथ त्यांच्यामुळे मराठीत आला. आणि आयुष्यभराच्या वह्यांमधून ‘पक्षिकोश’ उभा राहिला. नागपूरच्या साहित्य प्रसार केंद्रानं तो छापला. एकाच पाखराची संस्कृतातली, मराठीतली, गोंडीतली नावं तिथे शेजारी शेजारी नांदतात. हे नुसतं शब्द जमवणं नव्हे. गोंडी नाव कळलं की गोंड माणसाला विचारता येतं, आणि विचारता आलं की त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं सगळं आपल्यासमोर उघडं होतं.

२००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, २०२५ मध्ये पद्मश्री. त्याच वर्षी १८ जूनला, पाऊस दारात आलेला असताना, सोलापुरातच त्यांचं निधन झालं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा. या आठवड्यात नागपुरातल्या अंबाझरीला जा, गोरेवाड्याला जा, गोंदियाकडे पाहुणे असतील तर थेट नवेगाव गाठा. दुर्बीण असेल तर उत्तमच. पण काठावर जाळं विणत बसलेले कुणी काका दिसले तर त्यांच्याजवळ बसा, समोरच्या पाखराला ते काय म्हणतात ते विचारा, आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा.