मिठाला साखरेची सोबत

जुलाब लागलेल्या बाळाला नुसतं पाणी पाजून भागत नाही. आतड्यातल्या पेशींच्या पडद्यात एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेतं. त्यांच्यामागोमाग पाणी शिरतं. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आलं.

लिटरचं ओआरएस पाकीट लिटरभर पाण्यातच घाला. गोडीसाठी वर साखर घालणाऱ्या आज्या ओपीडीत नेहमी भेटतात. जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते, जुलाब वाढतात. शीतपेयांचंही तेच. बाळ ओकलं, तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजा.