पाव मैलाचं लाकडी वर्तुळ

१९१०च्या दशकातली अमेरिकन रेसिंग मोटारसायकल समोर आली की जाणकाराची नजर आधी ब्रेक शोधते. ब्रेक नसतोच. क्लचही बहुधा नाही. इंजिनाला तेल स्वाराने हातपंपाने पाजायचं आणि वापरून झालेलं तेल मागच्या गाडीच्या वाटेवर उडायचं. असल्या गाड्या ताशी ९० मैलांनी पळवणारे मेले तर नवल काय, असं वाटणं साहजिक आहे. मला मात्र हा निकाल घाईचा वाटतो. जीव घेतले ते मुख्यतः ट्रॅकच्या मापाने, आणि ते माप तिकीटविक्रीकडे बघून ठरलेलं होतं.

मूळचा इंग्लंडचा, स्वतः सायकलपटू राहिलेला जॅक प्रिन्स सायकल शर्यतींचे लाकडी ट्रॅक बांधत असे. तीच पद्धत त्याने मोटारसायकलींसाठी वापरली. दोन बाय चार इंची पट्ट्या उभ्या कडेवर, एकमेकींना खेटून ठोकायच्या. लाकूड स्वस्त, काम झटपट. लॉस एंजेलिसजवळच्या प्लाया डेल रे इथला १९१०चा ट्रॅक मैलभराचा होता. शहरालगतचे ट्रॅक मात्र पुष्कळदा पाव मैलाचे असत. त्यात धंद्याची सोय होती: ९०च्या वेगातली गाडी दर १० सेकंदांनी प्रेक्षकाच्या नाकासमोरून जायची. आता हिशेब मांडून पाहा. पाव मैल परिघाची त्रिज्या सुमारे ६४ मीटर. त्या वेगाला स्वाराला बाहेर लोटणारा जोर त्याच्या वजनाच्या अडीचपट होतो. तो नुसत्या उतारावर पेलायचा तर उतार ७० अंशांच्या जवळपास हवा, म्हणजे भिंतच. मैलभराच्या वर्तुळावर त्याच गाडीला, त्याच वेगाला ३३ अंश पुरतात. लहान वर्तुळावर ताबा सुटलेली गाडी वरच्या कडेकडे झेपावणार हे ठरलेलंच, आणि नेमक्या त्या कडेवर कठड्याला रेलून लोक खाली वाकलेले. 

८ सप्टेंबर १९१२ रोजी न्यू जर्सीतल्या नेवार्कला हेच घडलं. इंडियन कंपनीच्या गाडीवरचा एडी हॅशा वर चढत गेला, कठड्यावरून डोकी बाहेर काढून पाहणाऱ्या मुलांवर गाडी घासत गेली. हॅशा फेकला गेला, आणि खाली परतलेली गाडी जॉनी ऑलब्राइटवर आदळली. दोघेही स्वार मेले, मुलंही दगावली. त्यानंतर अशा ट्रॅकना वर्तमानपत्रं ‘मर्डरड्रोम’ म्हणू लागली.

हॅशाचं इंजिन अडखळत होतं, खाली हात घालून तो काहीतरी जुळवत होता, असं सांगितलं जातं. मग दोष यंत्राचाच नाही का? पण इंजिनं त्या काळी सगळीकडेच अडखळत; मोकळ्या रस्त्यावर त्यापायी शर्यत हरायची वेळ येई, इथे सावरायला क्षणभरही वेळ नव्हता. त्या क्षणात ब्रेकनेही फारसं काही साधलं नसतं. स्वारांना धोका ठाऊक होता आणि पैसेही चांगले मिळत, हा दुसरा आक्षेप. स्वारांपुरता तो मान्य. कठड्याशी उभ्या पोरांनी असा कुठलाच करार केला नव्हता. वेग हवा होता म्हणून वर्तुळ लहान ठेवावं लागलं, असंही कोणी म्हणू शकत नाही: १९२१ मध्ये फ्रेस्नोच्या मैलभराच्या लाकडी ट्रॅकवर ऑटो वॉकरने हार्ले-डेव्हिडसनवर सरासरी १०० मैलांहून जास्त वेगाने शर्यत जिंकली. मोठ्या ट्रॅकवरही स्वार मरत राहिले, हे खरं. पण धोका वाढवून विकण्याची गरज वेगाला नव्हती, एवढं त्यातून दिसतं.

हे ट्रॅक उघड्यावर काही वर्षांतच कुजत. शर्यत चालू असताना सुतार खाली शिरून तुटक्या फळ्या बदलत. दुरुस्तीचा खर्च परवडेना तसे १९३०च्या आसपास ते बहुतेक संपले. गाड्या तेवढ्या उरल्या. अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनकडे असलेली १९१५ची सायक्लोन मोटारसायकल २०१५ च्या लिलावात ७ लाख डॉलरच्या वर गेली. लिलावाला येते ती गाडी, म्हणून शौर्यही तिच्याच नावावर आणि बेफिकिरीही. पाव मैलाची आखणी करणाऱ्यांना जाब विचारायला एक फळीसुद्धा शिल्लक नाही.