जुन्या दिव्याची ओळख

देवळातील लामणदिवा किंवा दोन्ही हातांत पणती धरून उभी असलेली दीपलक्ष्मी (तमिळनाडूत हिलाच ‘पावै विळक्कु’ म्हणतात) पाहताना दोन प्रश्न मनात येतात : हिची धातू कोणती आणि ती किती जुनी? पहिल्याचे उत्तर बहुधा मिळते. दुसऱ्यासाठी संयम लागतो.

प्रथम लोहचुंबक लावून पाहावा. पितळ किंवा कांसे यांना तो चिकटत नाही. चिकटल्यास आत लोखंड असून वर केवळ मुलामा आहे, असे समजावे. पितळ हे तांबे व जस्त यांचे, तर कांसे हे तांबे व कथील यांचे मिश्रण होय. बैठकीच्या आतील बाजूस पितळ पिवळे व कांसे तांबूस तपकिरी दिसते. परंतु कथील वाढले की कांसेही पिवळट होते. शिवाय ओतारी मोडीची भांडी वितळवीत, त्यामुळे एकाच दिव्यात तिन्ही धातू आढळू शकतात.

अशा वेळी प्रयोगशाळेतील पृथक्करण उपयोगी पडते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे खनिजातून सुटताच ते वाफ होऊन निसटते. म्हणून प्राचीन काळी तांब्याबरोबर जस्ताचे खनिज तापवूनच पितळ बनवीत, व त्यातील जस्त सहसा सुमारे ३० टक्क्यांपलीकडे जात नसे. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथे ही वाफ थंड करून शुद्ध जस्त काढण्याचा उद्योग मध्ययुगात भरभराटीस आला. यावरून असे ठरते, की जस्त पुष्कळ असल्यास दिवा फार प्राचीन नसावा. मात्र जस्त कमी असल्याने प्राचीनत्व सिद्ध होत नाही.

घडणही बोलकी असते. मेणाच्या प्रतिकृतीवर मातीचा साचा चढवून ओतकाम केले, की साचा फोडावा लागतो. म्हणून असे दोन दिवे हुबेहूब सारखे नसतात. साखळीच्या कड्या जेथे एकमेकींत अडकतात आणि हात जेथे नेहमी लागतो, तेथेच खरी झीज दिसते. सर्वत्र सारखीच झीज दिसली, तर संशय घ्यावा. मळसूत्राचे अगदी एकसारखे आटे यंत्रयुगाकडे बोट दाखवितात. पण तो सुटा भाग मागाहूनही बसविलेला असू शकतो.

काळेपणा हा मात्र वयाचा पुरावा नव्हे. तो रसायनांनी थोड्या अवधीत आणता येतो. उलट चिंच लावून दिवा लखलखीत केला, तर खऱ्या जुनेपणाच्या खुणाच नष्ट होतात. म्हणून दिवा जाणकाराला दाखवावयाचा असेल, तर मऊ फडक्याने केवळ धूळ पुसावी. घासूनपुसून गेलेली साक्ष पुन्हा मिळत नाही.