आधी लाडू, मग पाटी!

बचत गटाची बैठक भरलेली. मोहाचा हंगाम नुकताच संपलाय, घरोघरी फुलं वाळवून ठेवलीत. यंदा ती व्यापाऱ्याला न देता लाडू करून विकायचे, असं ठरतंय. तेवढ्यात कुणीतरी विचारतं, ‘‘पण बाई, नाव का ठेवाचं?’’ झालं! वनराणी, वनश्री, वनलक्ष्मी... सगळी बैठक नावातच संपते. गूळ किती घालायचा, लाडू किती दिवस टिकतील, घेणार कोण, हे विषय पुढच्या बैठकीला!

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मैत्रिणींना हे चित्र ओळखीचं वाटेल. बाळ जन्मायच्या आधीच बारसं करायची ही हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण छापलेल्या पाकिटांना असतं ना! हजार पाकिटं छापली आणि लाडूच खपले नाहीत, तर बुडते ती सगळ्यांची बचत.

लिज्जत पापडाचंच बघा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी झाली जेमतेम चार पाकिटं. ‘लिज्जत’ हे नाव आलं १९६२ साली, तेही स्पर्धा घेऊन. बक्षीस होतं पाच रुपये! म्हणजे तीन वर्षं पापड आधी ओळखीचा झाला, मग त्याला नाव मिळालं.

म्हणून नावाला महत्त्वच नाही असं मात्र नाही हं! आपला मोहच घ्या. आपल्याकडे तो घराघरातला खाऊ. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला ‘मोह’ म्हटलं की आधी दारूच आठवते. त्यात गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. मोहफुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध सरकारने २०२१ मध्ये उठवले, पण लोकांच्या मनातला संशय असा एका आदेशाने थोडाच उठतो? तेव्हा पाकिटावर ‘मोह’ ठळक लिहायचा की लाडवाचा गोडवा पुढे करायचा, हे गिऱ्हाईक कोण यावर ठरणार. आणि गिऱ्हाईक कळतं ते विकायला बसल्यावरच.

मग करायचं काय? अन्नपदार्थ विकायचे तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी हवीच. पण ती गटाच्या नावावर होते, लाडवाच्या नावावाचून ती अडत नाही. मग थोडेच लाडू करा. आठवडी बाजारात बसा, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेत बसा. चव देऊन बघा, लोक काय बोलतात ते ऐका आणि वहीत लिहून ठेवा.

नाव ठरलं की छापण्याआधी ते दुसऱ्या कुणी ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेलं नाही ना, हे तपासा. ‘मोहाचे लाडू’सारखं नुसतं वर्णन असलेलं नाव सहसा आपल्या एकट्याच्या मालकीचं होत नाही, हेही लक्षात ठेवा. नोंदणी झाली की ती दहा वर्षं चालते.

पुढच्या बाजारी एखादी बाई परत येऊन म्हणेल, ‘‘मागच्या बाजाराचे लाडू आहेत का वं?’’ त्या दिवशी खुशाल बारशाची तयारी करा. तोवर पाटी कोरीच राहू द्या!