विषाणुज्वर, बीजदोष आणि रक्ताची गुठळी

मातापित्यांच्या शुक्र-शोणितातील दोषांमुळे उद्भवणारे आदिबलप्रवृत्त व्याधी आपण सर्वांनी सुश्रुतसंहितेत अभ्यासले आहेत. असा सुप्त दोष आगंतु कारणाने कसा जागा होतो, याचे ठळक उदाहरण कोविडच्या साथीने पुढे आणले.

विषाणुसंसर्गातील दाहामुळे रक्तवाहिन्यांचा आतील स्तर दुखावतो व रक्तस्कंदनास चालना मिळते. त्याला आवर घालण्याचे काम ‘प्रोटीन सी’ करते. सक्रिय झाल्यावर ते ‘फॅक्टर फाइव्ह’ या स्कंदन-घटकाचे विघटन करते. काही कुलांत या घटकाच्या जनुकात एकाच जागी बदल असतो आणि त्यामुळे हे विघटन नीट होत नाही. नेदरलँड्समधील लायडन येथे १९९४ साली हा बदल ओळखला गेला, म्हणून त्यास ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ म्हणतात. अशा व्यक्ती वर्षानुवर्षे निरोगी दिसतात. यूके बायोबँकमधील माहितीवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात, घरीच उपचार घेतलेल्या कोविड रुग्णांतही पहिल्या ३० दिवसांत शिरांतील गुठळ्यांचा धोका पुष्कळ वाढलेला आढळला. अनुवांशिक स्कंदनदोष असणाऱ्यांत तो इतर रुग्णांच्या सुमारे दुप्पट होता.

भारतीयांत लायडन-दोष युरोपीयांपेक्षा विरळ आहे. तथापि प्रोटीन सी, प्रोटीन एस व अँटिथ्रॉम्बिन यांची जन्मजात न्यूनता आपल्याकडेही आढळते. ‘ओ’ व्यतिरिक्त रक्तगटांतही हा कल काहीसा अधिक असतो. पण केवळ रक्तगटावरून रुग्णाला घाबरवणे आम्हांस अप्रशस्त वाटते.

२०२१ साली ज्वर उतरून पंधरवडा झालेले एक गृहस्थ एकाच पोटरीची सूज घेऊन आमच्याकडे आले. वातप्रधान शोथ समजून आम्ही अभ्यंग-स्वेदन लिहूनही दिले होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सहज म्हणाल्या, “आमच्या थोरल्या भाऊजींनाही तिशीतच पायात गुठळी झाली होती.” आम्ही कागद परत घेतला. कलर डॉप्लर तपासणीत खोल शिरेत गुठळी निघाली. मर्दनाने ती सुटून फुप्फुसात गेली असती, हा विचार आजही आम्हांस अस्वस्थ करतो.

तेव्हापासून ज्वरानंतरच्या एकांगी शोथात कुलवृत्त विचारल्याशिवाय आणि डॉप्लर झाल्याशिवाय आम्ही हात लावू देत नाही. सोबत धाप वा छातीत वेदना असल्यास रुग्णालयात तत्काळ पाठवावे. प्रोटीन सी व एस यांची तपासणी मात्र ताज्या गुठळीत किंवा वॉरफॅरिन चालू असता करू नये. प्रमाण खोटेच कमी दिसते.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. वॉरफॅरिन वा असेनोकुमारॉल घेणारा ग्राहक लसूण, गुग्गुळ किंवा हरिद्रेचे कल्प मागू लागल्यास, त्याच्या चिकित्सकास विचारल्याखेरीज ते देऊ नयेत. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.